आबिसेओचे मेघवन



पेरू देशाच्या उत्तर भागात, अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर रिओ आबिसेओ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९८३ साली स्थापन झाले. माथ्यावर चार हजार मीटरांहून अधिक उंचीची गवताळ, बोडकी पठारे. तेथून खाली उतरू लागले की ढगांचे राज्य सुरू होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून वर चढणारी वाफ या उतारावर अडते आणि झाडे बारमास धुक्यात भिजत राहतात. फांदीफांदीवर शेवाळ आणि नेचे. या अरण्याला मेघवन म्हणतात.

या वनात ग्रान पाहातेन हे जुन्या वसाहतीचे ठिकाण आहे. दगडी वर्तुळाकार घरे, आणि त्यांच्या भिंतींवर पातळ पाट्या बसवून घडविलेल्या मानवाकृती व पक्षी. ही चाचापोया लोकांची करणी. पंधराव्या शतकात इंकांनी त्यांना जिंकले, पुढच्या शतकात स्पॅनिश आले, आणि जंगलाने घरांवर पांघरूण घातले.

१९६५ साली जीन सॅव्हॉय नावाचा अमेरिकन संशोधक येथे आला आणि वर्तमानपत्रांतून 'शोधा'चा डांगोरा झाला. वास्तविक पातास गावच्या लोकांनी ते अवशेष त्यापूर्वीच पाहिले होते. पण गावकऱ्याने पाहिले तर ती वहिवाट, परक्याने पाहिले तर तो शोध, असा जगाचा न्याय आहे! मग मोहिमा आल्या. अवशेष नीट दिसावेत म्हणून त्यांनी वरची झाडी तोडली.

भिंतीत रुजलेले झाड भिंत फोडते, हा आपला नित्याचा अनुभव. म्हणून तोडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु येथे त्याच झाडीने शेकडो वर्षे पावसाचा मारा अंगावर घेतला होता. छत्र जाताच ऊन-पावसाने भिंतींची पडझड वाढली. पुढे प्रवाशांना तेथे जाण्यास बंदी करावी लागली.

या वनाचा दुसरा रहिवासी पिवळ्या शेपटीचा लोकरी वानर. हुंबोल्टने त्याचे वर्णन १८१२ साली प्रसिद्ध केले. पण त्याने जिवंत वानर पाहिलाच नव्हता. खेचरवाल्यांच्या खोगिरांवर घातलेली कातडी तेवढी पाहिली होती! हा प्राणी नामशेष झाला असे मानले जाई. १९७४ साली उत्तर पेरूत तो पुन्हा सापडला. वानर आणि अवशेष, दोघांच्या रक्षणासाठी हे उद्यान झाले. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते १९९० साली निसर्गासाठी आणि १९९२ साली संस्कृतीसाठी गेले.

पूर्वी ग्रान पाहातेनच्या सुमारे २६ वास्तू ठाऊक होत्या. आणखी शंभराहून अधिक वास्तू आढळल्याचे २०२५ साली जाहीर झाले. या कामी आकाशातून सोडलेल्या लेझर किरणांचा उपयोग झाला. हे किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही.