व्यंगचित्रांतील बाबासाहेब आणि जुन्या वृत्तपत्रांची साक्ष

पूर्वग्रह एकट्या चित्रात किंवा एकट्या बातमीत सहसा पकडता येत नाही. एकटे चित्र विनोद म्हणून सुटते, एकटी बातमी वार्ताहराची घाई म्हणून सुटते. पण तीच मांडणी वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या पत्रांतून होत राहिली, तर तिला योगायोग म्हणता येत नाही. म्हणूनच जुन्या वृत्तपत्रांचे संग्रह आपल्या चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

२०१२ च्या मे महिन्यात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील एका व्यंगचित्रावरून वादळ उठले. चित्र शंकर यांचे, १९४९ सालचे. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आहेत, मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि भोवतालची गर्दी पाहते आहे. दलितांनी निषेध केला तेव्हा प्रस्थापित विद्वानांनी कलास्वातंत्र्याचा झेंडा उभारला आणि आपल्यालाच विनोदबुद्धी नसल्याचा ठपका ठेवला. या वादातून उन्नमती श्यामसुंदर या संशोधक-व्यंगचित्रकाराने इंग्रजी वृत्तपत्रांचे जुने संग्रह चाळले. १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे त्यांनी २०१९ साली ग्रंथरूपाने समोर ठेवली. शंकर, एन्व्हर अहमद, आर. के. लक्ष्मण अशी नामवंतांची चित्रे त्यात आहेत. एका चित्राचा वाद तिथे संपतो आणि एका मनोवृत्तीचा इतिहास सुरू होतो.

चित्रे गोळा केली म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. चित्राशेजारी वस्तुस्थिती ठेवावी लागते. गोगलगायीचा आरोप संविधान सभेच्या कामकाजाशी ताडून पाहा. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभेतच सांगितले की मसुदा समितीच्या सात सभासदांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, इतर अन्य कारणांनी दूर राहिले आणि अखेर सारा भार आंबेडकरांवर पडला. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकट्याने ओझे वाहणाऱ्या माणसालाच संथ ठरवणारी ही दृष्टी कोणाची, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

आज मोठ्या ग्रंथालयांत जुनी वृत्तपत्रे संगणकावर शोधता येतात. मुंबईच्या टाइम्सचे १८३८ पासूनचे अंक अशा संग्रहात आहेत. पण यंत्र विचारलेल्या शब्दालाच उत्तर देते. १९३० च्या इंग्रजी पत्रात ‘दलित’ शोधाल तर हाती फारसे लागणार नाही; तिथे ‘डिप्रेस्ड क्लासेस’, ‘अनटचेबल्स’, १९३३ नंतर ‘हरिजन’ आणि १९३५ च्या कायद्यानंतर ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ असे विचारावे लागते. नावे दुसऱ्यांनी ठेवली होती, म्हणून शोधही त्यांच्याच नावांनी घ्यावा लागतो. शिवाय यंत्र छापील अक्षर वाचते, चित्रातला उपहास वाचत नाही. व्यंगचित्रांसाठी पान न् पान डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

संग्रहात जे नाही त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही. न छापलेली जाहिरात कुठल्या शोधात सापडणार? तिची साक्ष आपल्याच पत्रांत सापडते. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले आहेत, प्रस्थापितांच्या पत्रांसमोर ते उघडून ठेवले की एकाच घटनेच्या दोन भाषा दिसतात. आणि हे वगळणे त्या काळापुरतेच नव्हते. २००६ साली दिल्लीतील ३७ वृत्तपत्रे व वाहिन्यांतील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली. त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. लेखणी कोणाच्या हाती आहे, हे कळल्याशिवाय चित्र असे का, हे कळत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एक घटना, दोन पत्रे आणि एक वही घ्यावी. कर्ता कोण केला, जात केव्हा सांगितली, केव्हा लपवली, कोणाचे म्हणणे आले आणि कोणाचे आलेच नाही, हे तारीख व पान क्रमांकासह टिपावे. शिक्षकांनी त्याला अभ्यासाची शिस्त द्यावी. आपला संताप खरा आहे. त्याला पुराव्याची जोड मिळाली, तर विनोदबुद्धीचे धडे देणाऱ्यांनाच उत्तर द्यावे लागेल.