भावाची ४३, बहिणीची १०७

एमएला आम्हाला फिलिप सिडनी होता. त्याच्या बहिणीच्या वाट्याला एकच वाक्य यायचं: 'आर्केडिया' त्याने तिच्यासाठी लिहिलं. परीक्षेला तेवढं पुरायचं. पुढे कधीतरी एक हिशोब वाचला आणि मी चक्रावले. बायबलमधल्या १५० स्तोत्रांचं 'सिडनी स्तोत्रं' म्हणून ओळखलं जाणारं इंग्रजी काव्यरूप आहे. त्यातली फिलिपची ४३. उरलेली १०७ बहिणीची!

तिचं नाव मेरी. जन्म १५६१चा. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती पेम्ब्रोकची काउंटेस झाली, विल्टनच्या वाड्यात आली. १५८६ साली मे महिन्यात वडील गेले, ऑगस्टमध्ये आई, ऑक्टोबरमध्ये फिलिप. नेदरलँड्समधल्या लढाईत मांडीला गोळी लागली होती, वय ३१. त्याची स्तोत्रं अर्धवट राहिली. ती हिने पुरी केली, आणि जवळजवळ प्रत्येक स्तोत्राला वेगळी कडव्यांची घडण दिली.

भाषांतर म्हणजे दुसऱ्याचं बोलणं, म्हणून ते बाईने केलेलं चालायचं. मेरीने या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला. १५९२मध्ये तिने गार्निएच्या फ्रेंच नाटकाचं भाषांतर छापलं. त्यात अँटनी आणि क्लिओपात्रा आहेत, शेक्सपिअरच्या कितीतरी आधी. तिच्या आश्रयाला असलेल्या सॅम्युएल डॅनिएलने त्याला जोड म्हणून 'क्लिओपात्रा' लिहिलं आणि तिलाच अर्पण केलं. भावाचं 'आर्केडिया'ही तिच्याच देखरेखीखाली १५९३मध्ये नव्याने छापून निघालं.

स्तोत्रांसोबत तिने भावाला उद्देशून एक कविता लिहिली. काम तुझंच, मी नुसती जोड दिली, असा तिचा सूर. बरीच वर्षं मला तो विनय वाटायचा, थोडा रागही यायचा. मग कळलं, की तिने स्वतःची स्तोत्रं पुन्हापुन्हा खोडून लिहिली, आणि फिलिपच्या काहींचे शेवटही बदलले. ज्याच्यापुढे इतकी वाकली, त्याच्याच ओळींवर हात फिरवला! आता ती कविता वाचताना राग येत नाही, जरा हसूच येतं.

ती हयात असताना स्तोत्रं हस्तलिखितांतूनच फिरली. जॉन डनने भाऊबहीण दोघांवर कविता केली. ती १६२१मध्ये देवीच्या साथीत गेली. स्तोत्रं एकत्र छापली गेली थेट १८२३मध्ये. पण १६१८चं तिचं एक कोरीव चित्र आहे. मोठी लेसची कॉलर, मोत्यांचे दागिने, आणि हातात उघडं पुस्तक. त्यावर लिहिलंय, डेव्हिडची स्तोत्रं.