स्वच्छतागृहावरील लिंगचिन्हे

सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारावरील स्त्री-पुरुषदर्शक चित्रे. फ्रॉकमधली बाई आणि पँटमधला पुरुष हा रूढ साचा लुगडे, धोतर नेसणाऱ्या खानदेशाला परकाच. पण त्याहून गंभीर गृहीतक म्हणजे माणसांचे दोनच प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांचे निर्देश दिले. तरीही दोनच प्रकारांची चौकट टिकून राहिली: जळगाव तालुक्यातील भादलीच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला प्रवर्गातील ग्रामपंचायत निवडणुकीचा अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य ठरवला आणि त्या निवडून आल्या. दारावरची पाटी हीच चौकट रोज लादते. ही चिन्हे काढायची तर निरक्षरांना चित्र लागते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र शौचाच्या भांड्याचे किंवा मुतारीचे चित्रही तितकेच कळते. सुरक्षिततेसाठी स्त्रियांची वेगळी सोय राहावीच. तिच्याशेजारी आतून कडी लागणारी एक खोली सर्वांसाठी ठेवल्याने ही सुरक्षितता कमी होत नाही.