भार नसलेले वासे

भाजे, इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. तुम्ही कातळावर उभे आहात आणि डोकं छताला टेकायला आलंय. गांगरू नका, लेणं वरून खाली खोदतात. आधी छताची गोलाई काढायची, मग पायाखालचा खडक उतरवत नेऊन खांब मोकळे करायचे. म्हणून परांची कुठे दिसत नाही. कपचे उडतायत तेवढे डोळे सांभाळा.

आता काही पावसाळे पुढे या. पाथरवटांचं काम उरकलंय, सुतार आलेत. वाकवलेले लाकडी वासे उचलून ते छताच्या पोटाला एकापुढे एक बसवतायत. तुम्ही विचारणारच, हे कशाला? डोंगर आपल्या बळावर उभा आहे. सगळे वासे काढून नेले तरी वरून खडा पडणार नाही. सुतार तुमच्याकडे नुसता बघतो. छप्पर म्हटलं की वासे आले, यात विचारायचं काय! अष्टकोनी खांबही बघा, आत कललेले. लाकडी इमारतीत छपराचा रेटा बाहेर जातो, तो पेलायला खांब असे तिरके रोवायचे. इथे रेटा नाही, तिरकेपणा मात्र आहे.

बाहेर या. दर्शनी कमान घोड्याच्या नालेसारखी, माथ्याला पिंपळपानासारखं टोक काढलेली. ही म्हणजे गोल छपराची पुढची कापलेली कड. तिच्यात लाकडी जाळीचा पडदा बसतोय. तो पुढे कुजून जाईल आणि तुमच्या काळातल्या पर्यटकाला फक्त खाचा दिसतील. या कमानीला नंतरचे शिल्पग्रंथ गवाक्ष म्हणतील, तमिळ मुलखात ती कुडू होईल, आपल्याकडचे अभ्यासक चैत्यगवाक्ष म्हणतील. पण नजर जरा बाजूच्या भिंतीवर न्या. तीच कमान तिथे छोटी करून कोरलीय. मागे खोली नाही, वारा नाही, उजेड नाही. खिडकीचं अलंकरण झालं ते इथेच, पहिल्याच पिढीत. ही वाट नंतरच्या शतकांनी सावकाश शोधून काढली असं काही जण मांडतात. मला ते पटत नाही. आतले वासे तरी दुसरं काय आहेत?

खोरं ओलांडून समोरच्या डोंगरात चला, कार्ल्याला. मध्ये दोनशेहून जास्त वर्षं गेली. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केल्याचा लेख भिंतीवर आहे आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम असल्याची ग्वाहीही त्यातच. मोठं गवाक्ष अजून खरंखुरं काम करतंय, दुपार कलली की त्यातून ऊन आत येतं. पण पडवीच्या बाजूच्या भिंती बघा. खाली हत्ती आणि त्यांच्या वर मजल्यावर मजले चढवलेल्या कमानी. अख्खं शहर खिडक्यांचं, आणि एकही उघडत नाही. आतल्या छताचे सागवानी वासे मात्र नीट बघून ठेवा. एकविसाव्या शतकातही ते जागेवर सापडतील.

अजिंठ्याला फार रेंगाळायला नको. पाचव्या शतकाच्या अखेरीचं एकोणीस क्रमांकाचं लेणं. मोठ्या कमानीभोवती इवल्या कमानींच्या रांगा, काहींतून माणसांचे चेहरे डोकावतायत.

वेरूळला, सातव्या शतकात, दहाव्या लेण्यात सुतारांना बोलावणंच आलेलं नाही. वासे दगडातच कोरलेत. दर्शनी नाल फुटून तिची तीन पाकळ्यांची खिडकी झालीय. पुस्तकांत याला लाकडाची नक्कल म्हणतात, किंचित नाक मुरडून. पण थोडं थांबलात तर पुढच्या शतकांतले सुतार इथे येताना दिसतील. लेणं बौद्ध, आत स्तूपापुढे बुद्ध बसलेला. त्यांनी त्यालाच विश्वकर्मा मानलं आणि लेण्याला सुताराची झोपडी म्हटलं. छताकडे बघून आपलं काम त्यांनी ओळखलं असावं. पंडितांपेक्षा त्यांची नजर मला अधिक तयार वाटते.

शेवटचा मुक्काम सिन्नर, यादवांचा काळ, गोंदेश्वराचं आवार. भूमिज पद्धतीचं शिखर उभं राहतंय. उभ्या पट्ट्या खालून वर चढतात, त्यांना लता म्हणतात. पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा. लतेवरची नक्षी जवळून बघा. कमान मधोमध चिरलीय, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि अर्ध्याला अर्धं अडकवत गुंफलंय. याचं नाव जाल. लतेच्या पायथ्याशी मोठी कमान शाबूत आहे, ती शूरसेनक.

खालच्या कारागिराला विचारा, ही खिडकी ना? तो हसतो. शिखराला खिडकी कोण ठेवील? त्याला काळजी वेगळीच आहे. वर जाताना दर थराला माप कमी व्हायला हवं, एका थराचं चुकलं तर सगळी लता कललेली दिसेल. गेरूत भिजवलेला दोरा दगडावर ताणायचाय आणि हाताखालचा पोरगा कुठे तरी गेलाय. एक टोक तुम्ही धरा. घट्ट.