विजेची भिंगरी आणि तीन दोर

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हालचाली टिपायला सैन्याजवळ एक हुकमी साधन होतं, ते म्हणजे दोराला बांधलेला प्रचंड फुगा. फुग्याखाली टोपली आणि टोपलीत दुर्बीण घेतलेला टेहळ्या. वरून त्याला कोसकोस दिसे. पण त्याच्या डोक्यावर हायड्रोजन वायू भरलेला असे. शत्रूच्या विमानातून एक पेटती गोळी आली, की साऱ्या फुग्याचा भडका उडायचा. टेहळ्याने वेळीच छत्रीसह उडी घेतली तर तो वाचायचा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला एक अधिकारी, इस्तवान पेत्रोत्सी, याच्या मनात आलं, की हा फुगाच नको. आडव्या फिरणाऱ्या पंख्यांनी टोपली उचलून धरली तर?

त्याला दोन साथीदार मिळाले. एक थिओडोर फॉन कार्मान, जो पुढे अमेरिकेत विमानविद्येतला थोर आचार्य म्हणून गाजला. आणि दुसरा झुरोवेट्स नावाचा इंजिनिअर. तिघांच्या आद्याक्षरांवरून यंत्राचं नाव पडलं पी.के.झेड. १९१८ साली पहिलं यंत्र तयार झालं. त्याला चार पंखे होते आणि ते फिरवायला १९० अश्वशक्तीची विजेची मोटार. वीज यायची जमिनीवरच्या जनित्रातून, तारेने. आजचे चार पंख्यांचे ड्रोन पाहून आपण नवल करतो, पण त्यांचा हा पणजोबा शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला! दोर बांधलेल्या स्थितीत ते यंत्र काही वेळा जमिनीवरून उचललंही गेलं. आणि मग मोटार जळली. विहिरीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या यंत्रात विजेऐवजी पेट्रोलची तीन इंजिनं घातली. पंखे दोन, एकावर एक, उलटसुलट फिरणारे. उतरताना दणका बसू नये म्हणून खाली हवेने फुगवलेल्या पिशव्या. मात्र यंत्र तोलून धरायला वेगळी कळ अशी नव्हतीच. ते काम होतं तीन बाजूंना ताणलेल्या तीन दोरांचं. युक्ती मोठी सोपी होती. पंख्यांचा जोर यंत्राच्या वजनापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे दोर ताठ राहतात आणि यंत्र कलत नाही.

पण यातली मेख पाहा. वारा पडला की पतंगाचा मांजा सैल होतो आणि पतंग गोते खातो. इथेही तसंच. जोर आहे तोवरच दोर ताठ. म्हणजे ज्या क्षणी आधाराची खरी गरज, नेमका त्याच क्षणी तो नाहीसा व्हायचा. १० जून १९१८ च्या प्रात्यक्षिकात हेच घडलं. इंजिनांचा जोर कमी झाला, यंत्र हेलकावे खाऊ लागलं आणि कोसळून मोडलं. माझ्या मते हा अपघात त्या साऱ्या प्रयोगांहून अधिक शिकवून गेला.

यावरचा तोडगा निघाला स्पेनमध्ये, आणि तोही वेगळ्याच वाटेने. १९२३ साली ह्वान दे ला सिएर्वाने आपलं ऑटोजायरो उडवलं. त्याच्या डोक्यावरचा मोठा पंखा इंजिनाला जोडलेलाच नव्हता. जत्रेतलं भिरभिरं जसं वाऱ्याने फिरतं तसा तो समोरच्या हवेने फिरे आणि विमान तोलून धरी. हेलिकॉप्टरवाल्यांनी हेच तत्त्व उचललं. इंजिन बंद पडलं, की वैमानिक एक दांडा खाली दाबतो. त्याने पात्यांचा कल कमी होतो आणि खाली येताना लागणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. बंद इंजिन पंख्याला ओढून धरत नाही, कारण सायकलच्या फ्रीव्हीलसारखी सोय तिथे असते. जमीन जवळ आली की दांडा वर ओढायचा. पंख्यात साठलेला वेग खर्ची पडतो आणि यंत्र अलगद टेकतं.

वीज पुन्हा आली ती २०११ साली, बॅटरी हलक्या झाल्यावर. ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये पास्काल क्रेत्यॉं विजेच्या हेलिकॉप्टरवर बसून दोन मिनिटं दहा सेकंद उडाला. ऑक्टोबरात जर्मनीत थॉमस झेंकेल सोळा पंख्यांच्या यंत्रावर बसला. मौज अशी, की त्याच्याही यंत्राखाली उतरण्यासाठी हवेने फुगवलेला मोठा चेंडूच होता!

पण हे सोळा पंखे लहान. पात्यांचा कल बदलत नाही आणि अंगात वेगही फारसा साठत नाही. मोटार थांबली तर भिरभिऱ्याची युक्ती इथे चालत नाही. मग भरवसा कशाचा, तर संख्येचा. एक मोटार गेली की यंत्रातला गणक क्षणात बाकीच्यांचा वेग कमीजास्त करून तोल सांभाळतो. चारच पंखे असतील तर हे फार कठीण; सहा-आठ असले की जमतं. फवारणीचे ड्रोन आपल्याकडे आता शिवारात दिसू लागले आहेत, त्यांचे पंखे मोजून पाहा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. आपल्या पंपाच्या मोटारीवर ताण आला की स्टार्टर ट्रिप होतो. मोटार वाचते, पाणी तासभर थांबतं, एवढंच. आकाशात हा न्याय उलटा. तिथे मोटार वाचवायला वीज तोडली तर माणूस पडेल. म्हणून एखादी मोटार बंद पडली तर उरलेल्यांनी थोडा वेळ वाजवीपेक्षा जास्त भार सोसावा, तापलं तर वैमानिकाला कळावं, अशी योजना करतात. शॉर्टसर्किट मात्र लगेच तोडावंच लागतं, पण फक्त त्या एका मोटारीपुरतं. बाकीच्यांच्या वाटा आणि बॅटरी निराळ्या ठेवतात. माणसं नेणाऱ्या अशा यंत्रांसाठी युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०१९ साली अटी घातल्या. शहरावरून किंवा भाड्याने उतारू नेणाऱ्यांना सक्त अट अशी, की कोणत्याही एका बिघाडाने सर्वनाश ओढवता कामा नये.

सगळंच बंद पडलं तर? त्यासाठी काही यंत्रांवर अख्खं यंत्र तोलणारी हवाई छत्री बसवतात. पण छत्री उघडायला उंची लागते. जमिनीपासून थोडं वर, जिथे छत्री उघडत नाही आणि पडणंही परवडत नाही, तो पट्टा अजून सर्वांत अवघड आहे. १९१८ साली ते यंत्र पडलं तेव्हा तेही फार उंच नव्हतं.