न टिपलेल्या रेषा

जुनी व्हिडिओ कॅसेट आजच्या रुंद, सपाट पडद्यावर लावली की मन खट्टू होते. 'हे इतके धूसर होते?' असा प्रश्न पडतो. ते तसेच होते. जुना दूरचित्रवाणी संच ते झाकून घेत असे, इतकेच.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेली व्हीएचएस कॅसेट आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील साठवी. शिवाय प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या भागांत येई. काचेच्या नळीची चमक आणि आपली नजर मिळून हे अर्धे सांधून घेत. सपाट पडद्याला मात्र सगळ्या रेषा एकदम हव्या असतात. मग उरलेल्या रेषा शेजारच्या रेषांवरून गणिताने भराव्या लागतात. इव्ह फरूजा यांची कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळा याच कामासाठी नावाजली.

१९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली आणि चित्र पुष्कळ सुधारले. तरीही अमेरिकी-जपानी पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात ७२० × ४८० बिंदू असतात, तर फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०. म्हणजे बरोबर सहापट. पडदा भरायचा तर सहांतले पाच बिंदू हिशेबाने घडवावे लागतात. २००६ साली एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्यात चुरस सुरू झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडून दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साध्या डीव्हीडीचे चित्र खुलवणारा प्लेअर विकायला काढला. नवी तबकडी हरलेल्या कंपनीने जुन्या तबकडीची डागडुजी हाती घेतली!

तोवरचा हा अंदाज विनम्र होता. तो शेजारच्या बिंदूंपलीकडे फारसा पाहत नसे आणि चुकला तर चित्र फार तर पुसट दिसे. २०१४ च्या सुमारास मज्जाजालावर आधारित पद्धती आल्या. त्या असंख्य चित्रांवरून शिकतात आणि जे टिपलेच गेले नाही तेही रेखाटतात. २०२० साली अशाच एका प्रणालीने बराक ओबामांच्या धूसर छायाचित्रातून एका गौरवर्णीय पुरुषाचा चेहरा घडवला. चित्र स्पष्ट झाले, माणूस मात्र बदलला.

घरातल्या लग्नाच्या कॅसेटवर आजीचा चेहरा मोजक्या ठिपक्यांचा असतो. यंत्र त्याला पापण्या देईल, सुरकुत्या देईल. त्या तिच्याच असतील असे नाही. आज तिला ओळखणारे घरात आहेत. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला मात्र तो चेहरा पुरावा वाटेल.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिथे पाठ निश्चित नाही तिथे खाली नागमोडी रेषा आहे. संपादकाने निवड केली आणि शंकाही नोंदवली. सुधारलेल्या चित्रात अशी रेषा कुठेच नसते. म्हणून चित्र खुशाल उजळावे. पण त्यावर तशी नोंद ठेवावी आणि मूळ कॅसेट, धूसर असली तरी, टाकू नये.