मेंदूचा टीबी : औषध आलं, पण जंतूही हुशार झाले

१९४० च्या दशकापर्यंत मेंदूच्या आवरणाचा टीबी म्हणजे मृत्यूच, असं जगभरचे डॉक्टर धरून चालायचे.

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला मातीतल्या जंतूंपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळालं. १९५२ चं नोबेल मात्र त्याचे वरिष्ठ वॅक्समन यांना एकट्यांनाच गेलं. असो.

अडचण पुढे होती. रक्तातलं प्रत्येक औषध मेंदूत जात नाही. शरीराने तिथे जणू चेकनाका बसवलाय. स्ट्रेप्टोमायसीन तिथे अडायचं, म्हणून मणक्यातही सुई टोचून ते द्यायचे. तेही एकदा-दोनदा नाही, आठवडेच्या आठवडे. मुलं वाचू लागली, पण काहींना कायमचं बहिरेपण आलं.

त्यातच दुसरा धक्का बसला. ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या टीबीवर झालेल्या चाचणीचे निकाल १९४८ साली आले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ जण दगावले, न घेणाऱ्या ५२ पैकी १४. पण पाच वर्षांनी हा फरक बराचसा पुसला गेला. एकटं औषध दिल्यामुळे जंतू त्याला सरावले होते.

त्यातून धडा मिळाला : औषधं जोडीनेच द्यायची. स्वीडनच्या लेहमन यांचं पास सोबतीला आलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. हे रसायन प्रागमध्ये १९१२ सालीच बनलं होतं, टीबीवर चालतं हे मात्र चाळीस वर्षं कुणाला कळलं नाही! विशेष म्हणजे ते मेंदूत सहज पोचतं.

आज याच आयसोनियाझिडला आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारे जंतू आपल्याकडे आहेत. ते मेंदूत शिरले तर तिथवर नीट पोचणारी लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी मोजकीच औषधं उरतात. मणक्यातून काढलेल्या पाण्यात जंतू थोडे असतात, त्यामुळे तपासणीतही निसटतात. आणि पेशंटकडे थांबायला वेळ नसतो.

म्हणून सांगतो, आठवडाभरापेक्षा जास्त रेंगाळणारा ताप, डोकेदुखी, उलट्या, मूल सुस्त पडणं, हे अंगावर काढू नका. बाळाला बीसीजी द्याच. आणि घरात कुणाचाही टीबीचा कोर्स चालू असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या मध्येच सोडू देऊ नका. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून तयार झालेला जंतू उद्या दुसऱ्याच्या लेकराच्या मेंदूत पोचू शकतो.